विसण

कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल असं करायचं, याला विसण घालणं म्हणतात. सांगायला सोपं आहे, पण किती घालायचं ते सगळ्यांना कळतंच असं नाही. कुंदा मेस्त्रीला कळायचं. वाडीत कुणाच्याही घरी पोर जन्मलं की तिला बोलावणं यायचं. ती न्हाणीत पाटावर बसून पाय लांब करायची, साडी गुडघ्यांवर ओढून पोराला दोन्ही नडग्यांवर पालथं घ्यायची, आणि उजवा हात बादलीत बुडवून क्षणभर गप्प राहायची. मग म्हणायची, "आणखी एक तांब्या विसण." घरातली सून निमूट ओतायची. पोर पहिल्या तांब्याला किंचाळायचं, दुसऱ्याला मुसमुसायचं आणि तिसऱ्यापर्यंत त्याच्या पापण्या जड झालेल्या असायच्या. या कामाचे कुंदाने कधी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. खणनारळ तेवढा घ्यायची, आणि वर घरातल्या म्हाताऱ्यांना दोन शब्द सुनवायचे ते सुनवायची.

पोट भरायचं ते काजूच्या कारखान्यावर. आता तिथे सगळी यंत्रं आली होती, पण यंत्रं लाडावलेली असतात. मोठ्या, एकसारख्या बिया घेतात आणि बारक्या, वाकड्या थुंकून टाकतात. त्या थुंकलेल्या बिया फोडायला बायका लागतातच. काजूच्या टरफलात एक काळपट तेल असतं, त्याला इकडे डीक म्हणतात. तो जिथे पडेल तिथली कातडी आधी काळी पडते, मग फुगते आणि मग सोलून निघते. हातमोजे घातले की बोटांना बीचा अंदाज येत नाही आणि गर तुटतो. तुटलेल्या गराला भाव नसतो. म्हणून बायका हातांना राख आणि तेल चोळायच्या आणि देवाचं नाव घ्यायच्या. दोन्हींचा उपयोग सारखाच व्हायचा.

त्या वर्षी कुंदाचे हात फारच बिघडले. बोटांच्या पेरांवरचं कातडं राहीना, तळव्यांना भेगा पडून त्यांतून पाणी सुटायला लागलं. अशात धुऱ्यांच्या घरी नातू झाला. कुंदा नेहमीसारखी न्हाणीत जाऊन बसली. धुऱ्यांच्या सुनेने तिच्या हातांकडे बघितलं, बाळाला छातीशी धरलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काकी, आज ऱ्हवंदे. आमीच घालतो."

त्यानंतर कुणीच बोलावलं नाही. डिकाने कुंदाच्या डोळ्यांत कधी पाणी आणलं नव्हतं, ते त्या एका वाक्याने आणलं.

तिची मुलगी मृणाल तेव्हा कोल्हापुरात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मृणाल दीड वर्षांची असताना कुंदाचा नवरा मासेमारीच्या बोटीवरून परत आला नाही, त्यामुळे ही दोघींचीच गोष्ट होती. आईचे हात मृणालने फोनच्या पडद्यावर बघितले. पुढच्या आठवड्यात स्वतःच आली. बरोबर पांढऱ्या मलमाच्या नळ्या होत्या.

"कसला गो ह्या?" कुंदाने विचारलं.

"जस्त आसा ह्येच्यात, आये. बादलीच्या पत्र्यार असता ना, तोच धातू."

"म्हणजे माझ्या हातांक पत्रो मारतलंस?"

मृणाल हसली आणि पडवीत बसून आईला समजावून सांगायला लागली. तिने सांगितलं ते असं. जस्त आपल्या अंगात असतंच. सगळं मिळून चिमूटभर, पण ते नसलं तर शेकडो कामं अडतात. कातडीच्या सगळ्यांत वरच्या थरात ते खच्चून भरलेलं असतं. कातडी फाटली की फुटलेल्या पेशींमधलं जस्त बाहेर सांडतं आणि जखमेच्या काठावरच्या धडधाकट पेशींना ती हाक पोचते, की काठ सोडा आणि पुढे या. त्या सरकत सरकत जखमेवर नवं कातडं पांघरतात. जखमेतलं मेलेलं मांस कापून काढणारी जी विकरं शरीर बनवतं, म्हणजे एन्झाइम्स, त्यांतल्या बऱ्याच जणांची धारसुद्धा जस्तामुळेच असते. बाळाला लंगोटाने चट्टे उठले की पांढरं मलम लावतात, ते जस्ताचंच. पण साध्या मलमातून ते सुटतं कसंही, कधी फार तर कधी नाहीच. मृणालच्या गटाने जस्ताचे असे बारीक कण बनवले होते, जे फक्त उघड्या जखमेच्या ओलाव्यात विरघळतात आणि थांबून थांबून, ठेक्यात जस्त सोडतात. शरीर एकदा हाक मारून गप्प बसतं. हा लेप जखम मिटेपर्यंत हाका मारतच राहतो.

"मगे पेशी सरकनत नाय गो, धावतत," मृणाल म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. लहानपणी परीक्षेत पहिली आली की लकाकायचे तसे.

लेपाची चाचणी अशा माणसांवर करायची होती ज्यांना पुन्हा पुन्हा जखमा होतात. कंपनीला अशी माणसं शोधूनही सापडत नव्हती. मृणालला शोधावी लागली नाहीत.

कुंदाने संध्याकाळी लेप लावला आणि वर पट्टी बांधली. दुसऱ्या सकाळी पट्टी सोडली तर भेगांच्या जागी गुलाबी, पातळ, ओलसर कातडं. तिसऱ्या दिवशी ते कोरडं झालं. आठवडाभरात हात असे झाले की कारखान्यातल्या बायका येऊन येऊन ते हातात घेऊन बघायच्या. मग त्यांनाही लेप मिळाला. त्या त्याला लोणी म्हणायच्या, कारण दिसायला तसाच होता आणि सगळ्यांना हवाहवासा होता. दिवसा डिकाने भाजायचं, संध्याकाळी लोणी लावायचं, सकाळी नवे हात घेऊन कामावर. धुऱ्यांच्या सुनेची जाऊ बाळंत झाली तेव्हा बोलावणं आलं आणि कुंदा गेली. जाताना मुद्दाम धुऱ्यांच्या सुनेच्याच हातून चहा मागून प्यायली.

असं वर्ष गेलं. मधल्या काळात मृणालचं लग्न झालं. जावई मालवाहू जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रावर. मृणालला दिवस गेले.

आणि एका सकाळी कुंदाने चुलीवरचं चहाचं पातेलं उतरवलं, कपात चहा ओतला, पातेलं खाली ठेवलं, आणि मग तिला वास आला. केस जळाल्यासारखा. तिने चुलीत बघितलं, पदर बघितला. शेवटी हात बघितले. फडकं खुंटीवरच होतं. पातेलं तिने नुसत्या हातांनी उचललं होतं, आणि दोन्ही हातांच्या बोटांवर पांढरे फोड टरारून आले होते.

दुखत मात्र काहीच नव्हतं.

तिने बोटांनी जमीन चाचपली, तर जमीन कळत होती. सुई उचलली, दोरा ओवला, सगळं जमलं. वजन कळत होतं, खरखरीत-गुळगुळीत थोडं थोडं कळत होतं. फक्त ऊन आणि गार नाहीसं झालं होतं, आणि दुखणं. संध्याकाळी तिने फोडांवर लोणी लावलं. सकाळी बोटं नवीकोरी होती.

हे कसं झालं त्याचा उलगडा पुढे झाला, पण इथेच सांगितलेला बरा. दुखणं आणि उष्णता ज्या तंतूंमधून कळते ते केसाहून बारीक असतात आणि कातडीच्या अगदी वरच्या थरात येऊन संपतात. दाब कळणारे तंतू खाली, खोलवर. जखम आपल्या चालीने भरते तेव्हा हे बारीक तंतू नव्या कातडीबरोबर हळूहळू वर चढतात. त्यांची चाल गोगलगायीची. लेपाने कातडी धावायला लागली आणि तंतू मागे राहिले. ते वर पोचायच्या आत दार बंद, दुसऱ्या दिवशी नवी जखम, पुन्हा दार बंद. त्यात इतकं जस्त त्यांच्या टोकांना सोसत नाही. ती टोकं हळूहळू आखडली आणि मग यायचीच थांबली. कुंदाच्या हातांवरचं कातडं तान्ह्या पोरासारखं होतं, पण त्यात राहायला कुणी आलं नव्हतं.

कारखान्यात तिच्या शेजारी सुवर्णा बसायची. चहाच्या सुट्टीत कुंदाने तिला बाजूला घेतलं.

"सुवर्णा, तुका हाताक गरम लागता?"

सुवर्णाने इकडेतिकडे बघितलं. मग कनवटीची काडेपेटी काढली, काडी ओढली आणि पेटती काडी तर्जनीच्या टोकाशी धरली. काडी विझली. सुवर्णा हसत होती.

"शिमग्यापासून," ती म्हणाली. "सगळ्यांचाच तसा आसा. तुकाच उशिरा कळला."

"आणि कोणी बोललात नाय?"

"काय बोलतलंव? हात दुखनत नाय म्हणान तक्रार करतलंव?" सुवर्णाचं हसू मावळलं. "गप ऱ्हव कुंदा. एकीन तोंड उघडल्यान की सगळ्यांचा लोणी बंद. मगे परत राख चोळूची आमी? तुझा चेडू मृणाल चांगला आसा, पण तिका सांगलंस तर तिका ता कंपनीक लिवूचाच लागतला."

कुंदा गप्प राहिली. सुवर्णा सांगते म्हणून राहिली असं नव्हे. तिला धुऱ्यांची न्हाणी आठवली, आणि तीन-चार महिन्यांनी येणारं आपलं नातवंड. हातांना कळत नाही म्हटलं तर कोण पोर देईल या हातांत?

तरी मृणाल हातांच्या तपासणीला येईल तेव्हा सांगायचंच असं तिने ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. मृणालला सातवा लागला होता, ओटी भरून झाली होती, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तिने आईला खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. तिच्याजवळ पेनासारखं एक यंत्र होतं. ते कातडीला टेकवायचं नाही, जवळ धरून बटण दाबायचं, की त्यातून उष्णतेचा बारीक झोत निघायचा. कळलं की समोरच्याने सांगायचं.

"सांगताना लाजू नको, आये. नाय लागला तर नाय म्हण." मग जरा थांबून ती म्हणाली, "आमच्या मोठ्या साहेबांक तुझ्या हातांचे फोटो दाखवलंय मी. ते म्हणाले, या बाईंमुळे आपण इथवर आलो. आणि आयक, माझ्या बाळाक आंघोळ तूच घालूची. ह्याच हातांनी."

कुंदाने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. डोळेही मिटले. अंधारात बारीकशी किणकिण झाली. बटण दाबताना मृणालचं मनगट वळलं होतं आणि बांगड्या वाजल्या होत्या.

"लागला," कुंदा म्हणाली.

पुन्हा किणकिण. "लागला." मध्ये नुसतीच शांतता गेली, कुंदा गप्प राहिली. मग किणकिण. "हां, आता लागला."

"एकदाव चुकलंस नाय," मृणाल म्हणाली आणि वाकून तिने आईच्या दोन्ही तळव्यांवर ओठ टेकले. ते ओठ ऊन होते की गार, कुंदाला कळलं नाही. दुसऱ्या बायकांनाही मृणालनेच तपासलं आणि सुवर्णाला कान चांगलेच होते; बांगड्यांची गोष्ट तिने बाकीच्यांच्याही कानात घातली.

मृणाल बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगी झाली. बारशाला नाव ठेवलं सई.

कुंदा निष्काळजी होती असं कुणी म्हणू नये. उलट आयुष्यात कधी घेतली नसेल एवढी काळजी तिने या पोरीची घेतली. तिने लेप हातांनाच लावला होता, कोपर तिचं स्वतःचं होतं. ती रोज मोजून गरम पाणी काढायची, मोजून विसण घालायची, आणि मग पदर सारखा केल्यासारखं करून वाकायची आणि कोपर पाण्यात बुडवायची. कोपर कधी खोटं बोललं नाही. मृणालने पाण्याचा ताप दाखवणारं एक बदकाच्या आकाराचं खेळणं शहरातून आणलं होतं, ते कुंदाने फळीवर ठेवून दिलं. मृणाल एकदा त्याबद्दल म्हणाली, तर कुंदा फणकारली, "चाळीस पोरा न्हाणयलंय मी. माका बदक शिकयतला?" मृणालला हसू आलं. आईचा हा तोरा तिला आवडायचा.

सई गुटगुटीत होती. पाणी पाठीवर पडलं की मुठी उघडायची. कुंदाला वाटायचं, असंच चालेल. पोरगी चालायला लागेपर्यंत कोपर पुरेल, पुढे काय लागतंय?

दीड महिन्याची झाली तेव्हा मृणालची सासू आली. हेमलताबाई, गडहिंग्लजच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला मोकळ्या आणि बघायला बारीक. सुनेच्या नोकरीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. मलमंच करायची होती तर एवढं शिकायला कशाला हवं होतं, असं त्या एकदोनदा म्हणाल्या होत्या, आणि ते मृणालच्या मनात सलत होतं. त्या स्वभावाने वाईट मुळीच नव्हत्या. सकाळी उठून, विहीणबाईंना मदत म्हणून, त्यांनीच न्हाणीची चूल पेटवली आणि नेहमीच्या काटक्यांऐवजी जाड ओंडका आत सरकवला. हंड्यातलं पाणी खदखदत होतं.

कुंदाने नेहमीसारखी बादली भरली, नेहमीइतकंच विसण घातलं. वाफ जरा जास्त वाटली, पण न्हाणीत वाफ असतेच. ती पाटावर बसली, सईला नडग्यांवर पालथं घेतलं आणि कोपर पाण्याकडे नेलं.

"अगंबाई!" दारातून हेमलताबाई म्हणाल्या. "विहीणबाई, कोपरानं काय पाणी बघताय? हाताला काय झालंय?"

त्यात खवचटपणा नव्हता, नुसतं कुतूहल होतं. पण मृणाल त्यांच्या मागेच उभी होती. "आई, तुम्ही आयेचे हात अजून नीट बघितलेच नाहीत," ती पुढे येत म्हणाली. तिचा आवाज उत्साहाने भरून आला होता. "दीड वर्षापूर्वी कातडं नव्हतं त्यांच्यावर. आये, दाखव गो."

कुंदाने वर बघितलं. दारात दोघी. एकीच्या चेहऱ्यावर, बघू या काय दाखवतात ते. दुसरीच्या चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा तो जुना लकाकता आनंद. कुंदाने हात वळवून तळवा त्यांना दाखवला आणि तोच हात बादलीत मनगटापर्यंत बुडवला. आत पाणी आहे एवढं कळलं. गरम नाही, गार नाही, नुसतं पाणी. तिने क्षणभर थांबून, नेहमीसारखं, मान हलवली.

"बेस आसा," ती म्हणाली, आणि तांब्या भरून सईच्या पाठीवर ओतला.

पाणी सईच्या पाठीवरून दोन्ही बाजूंनी ओघळलं आणि कुंदाच्या नडग्यांवर उतरलं. नडग्यांना कळलं. हातांनी जे सांगितलं नाही ते पायांनी किंचाळून सांगितलं, पण तोवर तांब्या रिकामा झाला होता.

सईचा आवाज आधी आलाच नाही. तोंड उघडं, चेहरा निळा, आणि मग जे आलं ते रडणं म्हणवेल असं नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तोरस्कर तरुण होत्या. त्यांनी सईला तपासलं, सलाईन लावलं आणि बाहेर येऊन उगाच धीर दिला नाही. "पूर्ण पाठ आणि मांड्यांचा मागचा भाग. एवढ्या लहान जिवाला हे फार आहे. कातडं नाही म्हणजे आतलं पाणी टिकत नाही आणि बाहेरचे जंतू अडत नाहीत. मोठ्या रुग्णालयात हलवता येईल, पण वाटेत काय होईल ते मी सांगू शकत नाही." मग त्या मृणालकडे बघून म्हणाल्या, "जस्तलेप आहे आपल्याकडे. गेल्याच महिन्यात आला. तुमचाच ना तो?"

"हो," मृणाल म्हणाली. तिला धाप लागली होती. "लावा. आत्ता लावा. परवापर्यंत कातडं मिटेल."

"नको!" कुंदा ओरडली.

ती बाकावर बसली होती. तिच्या नडग्यांवर मोठाले फोड आले होते, कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं, तिचंही नव्हतं. "नको गो लावू ता. माझ्या हातांक कळना नाय. ऊन कळना नाय, भाजला तरी कळना नाय. कारखान्यात सगळ्यांचा तसाच आसा. पोरीची पाठ तशी करू नको."

मृणालने तिच्याकडे बघितलं. आपल्याला न येणाऱ्या भाषेत कुणी बोलल्यावर बघावं तसं.

"पण मी तपासलंय तुका," ती म्हणाली. "डोळे मिटान. एकदाव चुकलंस नाय तू."

कुंदाने तिच्या मनगटाकडे बोट केलं. "तुझ्यो बांगड्यो वाजत."

मृणालने हात वर उचलला. हिरव्या बांगड्या किणकिणल्या. तिने हात खाली घेतला, पुन्हा किणकिणल्या. हेमलताबाई भिंतीला टेकून, तोंडाला पदर लावून रडत होत्या आणि मीच ओंडका घातला, मीच ओंडका घातला असं म्हणत होत्या. त्यांच्याकडे वळून बघायला कुणाकडे सवड नव्हती.

"त्यांचं वारंवार झालं असेल," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आपल्याला एकदाच लावायचाय."

मृणालने मान हलवली. ती आता मुलीची आई नव्हती, प्रयोगशाळेतली बाई बोलत होती आणि तिचा आवाज सपाट होता. "लहान जखम असती तर आजूबाजूचे तंतू आत शिरले असते. एवढ्या मोठ्या आणि खोल भागात नाही शिरणार, दाबाचे खालचे तंतूही भाजलेत. कातडं आधी बंद होईल. पाठीला काही कळणार नाही, बहुतेक कधीच."

"आणि नाही लावला तर?" डॉक्टरांनी विचारलं.

दाराआडून सईचं रडणं ऐकू येत होतं. मघापेक्षा ते बारीक झालं होतं. सगळ्याजणी ते ऐकत होत्या आणि सगळ्याजणींना ते बारीक झालेलं कळत होतं. डॉक्टरांनी उत्तरासाठी थांबण्याचं सोंग केलं नाही, त्या आत गेल्या. मृणालने बांगड्या भिंतीवर आपटून एकेक फोडल्या, मनगटावर रक्त आलं ते ओढणीला पुसलं, नळाखाली हात धुतले आणि ती त्यांच्या मागे गेली.

लेप तिने स्वतः लावला. आपल्या पोरीच्या पाठीवर, मानेपासून खाली, बोटाने सारखा करत. थोड्या वेळाने रडणं थांबलं. कुंदा बाहेर बसून त्या थांबण्याने घाबरली, पण सई झोपली होती. दुखायचं थांबलं होतं.

परिचारिका तीच नळी घेऊन कुंदाकडे आली. "आजी, पाय पुढे करा."

"माका नको."

"अहो, दोन दिवसांत बरं होईल."

"म्हणानच नको," कुंदा म्हणाली.

तिचे पाय बरे व्हायला पावसाळा निम्मा सरला. ते पिकले, सुजले, साध्या पट्ट्या बदलताना तिला ओठ चावावे लागायचे. रोज त्या वेदनेची ती वाट बघायची. त्यातली एक कळही तिने वाया जाऊ दिली नाही.

सई वाचली. लेप नसता तर वाचली नसती असं डॉक्टर तोरस्कर म्हणाल्या आणि ते खरं होतं. मृणालने कंपनीला सगळं कळवलं. कंपनीने काही नाकारलं नाही. नळीवर एक बारीक ओळ वाढली, 'लेप लावलेल्या भागाने उष्णतेचा अंदाज घेऊ नये.' कारखान्याच्या भिंतीवर तोच मजकूर मोठ्या अक्षरांत लागला आणि बायकांनी संमतीच्या कागदावर आनंदाने अंगठे उठवले. लोणी बंद होणार या भीतीने सुवर्णा कुंदाशी काही दिवस बोलत नव्हती. बंद होत नाही असं कळल्यावर ती ताजे बांगडे घेऊन आली आणि जणू काही झालंच नव्हतं अशी गप्पा मारत बसली. कुंदाला वाडीतून पुन्हा कुणी बोलावलं नाही. यावेळी कुणाला तसं तोंडावर सांगायचीही गरज पडली नाही.

मृणालने नोकरी सोडली नाही. तंतूंना कातडीबरोबर कसं चालवायचं, याच्या मागे ती आता लागली होती, दिवसरात्र. फोन करायची, सईला दाखवायची, स्वतः पडद्यासमोर यायची नाही. आईला तिने कधी एका शब्दाने दोष दिला नाही. कुंदाला वाटायचं, एकदा दिला असता तर बरं झालं असतं.

सई वर्षाची व्हायला आली तेव्हा मृणाल तिला घेऊन आली. मनगटं मोकळी होती. आल्या आल्या तिने सईचं झबलं काढून पाठ तपासली. हे ती रोज करायची, कारण पाठीला मुंगळा डसला तरी सईला कळत नसे आणि तापलेल्या लोखंडी खाटेला टेकली तर ती टेकूनच राही. पाठ गुलाबी होती, डाग नाही, सुरकुती नाही. परकी बाईसुद्धा बघेल तर दृष्ट काढेल अशी सुंदर.

आंघोळ मृणालने घातली. पाण्यात बदक तरंगत होतं. कुंदा न्हाणीकडे फिरकलीसुद्धा नाही, पडवीत पाय लांब करून बसली. नडग्यांवरचं कातडं चुरगळलेलं, तपकिरी, जागोजागी ओढलेलं.

आंघोळ झालेली सई रांगत पडवीत आली. आजीच्या पायांपाशी थांबली, हात टेकून नडग्यांवर चढली आणि झोप आलेल्या पोरासारखी पालथी पसरली. कुणी शिकवलं नव्हतं. मृणाल दारात आली होती. ती थबकली, पण पोरीला उचलायला पुढे झाली नाही.

"ऱ्हवंदे," ती म्हणाली. वर्षभरात आईकडे बघून बोललेला तो पहिला शब्द होता.

कुंदाने हात उचलला आणि सईच्या पाठीवर ठेवला, थोपटायला. पोरीने वळून बघितलं नाही. तिला कळलंच नव्हतं. हाताला पाठीची ऊब लागत नव्हती आणि पाठीला हाताची. कुंदाने दोनतीनदा थोपटलं, भिंतीवर थोपटावं तसं.

पण खाली, त्या ओबडधोबड नडग्यांना, पोरीच्या पोटाची ऊब पोचत होती. आंघोळीनंतरची, ओलसर, नीट विसण घातलेल्या पाण्याइतकी. कुंदाचे डोळे भरून आले. तिने पाठीवरचा हात उचलला आणि बाजूला ठेवून दिला.